परदेशात कुणाच्या घरातली एक खोली भाड्यानं घेताना काय तपासता?

नीलमोहर

नमस्कार. एकटीनं स्पेन आणि इटलीला जायचं ठरतंय. अख्खा फ्लॅट परवडत नाही आणि हॉस्टेलच्या डॉर्ममध्ये मला झोप लागत नाही. म्हणून घरमालक स्वतः जिथे राहतो अशा घरातली एक खोली घ्यावी असं मनात आहे. अशा खोल्यांबद्दल जिथे वाचावं तिथे "स्थानिक लोकांशी छान ओळख होते" एवढंच लिहिलेलं असतं. मला त्यापुढचं हवंय.

खोलीला आतून कडी नसेल तर काय करता? छुपे कॅमेरे शोधता येतात का? एका मालकानं बुकिंगच्या आधीच पासपोर्टचा फोटो व्हॉट्सॅपवर मागितलाय, तो द्यावा का? आणि पोचल्यावर काहीतरी खटकलं, तर रात्रीच्या वेळी नेमकं काय करायचं? ज्यांनी असं राहून पाहिलंय त्यांनी मोकळेपणानं लिहा.

तिरपा कौल

चांगला धागा. वाचतोय.

सानिका_प

मी बरीच वर्षं अशाच खोल्यांमध्ये राहते. बहुतेक मालक सज्जन भेटले, हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी घाबरणार नाही.

माझी अर्धी तपासणी बुकिंगच्या आधीच होते. सगळ्यात वाईट अभिप्राय आधी वाचायचे. मग एकट्या बायकांनी लिहिलेले वेगळे काढून वाचायचे. जोडप्याला "मालक फार गप्पिष्ट आहेत" असं वाटतं, तिथेच एकटीनं लिहिलेलं असतं की "रात्री उशिरापर्यंत बोलत बसतात, आवरतं घेणं अवघड जातं". माणूस एकच, पण माझ्या कामाचं दुसरं वाक्य. एक-दोन ओळींचे, एकाच आठवड्यात पडलेले, गोडगोड अभिप्राय मी हिशेबातच धरत नाही.

मग मालकाला एकच साधा प्रश्न पाठवते: खोलीचं दार आतून बंद होतं का, आणि त्या कडीचा किंवा कुलपाचा फोटो मिळेल का? सरळ माणूस फोटो पाठवतो, किंवा नाही म्हणून सांगतो. "इथे सगळं सुरक्षित आहे, काळजी करू नका" असं गोलमाल उत्तर आलं की मी तिथे जात नाही.

गच्चीवरचा

सानिकाताईंना अनुमोदन. एक भर घालतो. बहुतेक साइट्सवर नेमका पत्ता बुकिंग पक्कं झाल्यावरच मिळतो. म्हणून फुकट रद्द करता येईल असंच बुकिंग घ्यायचं. पत्ता हातात आला की स्ट्रीट व्ह्यूवर इमारत, गल्ली आणि स्टेशनपासून तिथवरचा रस्ता बघून घ्यायचा. पटलं नाही तर मुदतीच्या आत रद्द. आणि पहिल्या मुक्कामाला उजेडी पोचायचं, मग विमानाचं तिकीट थोडं महाग पडलं तरी चालेल.

मुशाफिर७

कडीवर एवढं अडून बसू नका असं मला वाटतं. काही ठिकाणी नियमच वेगळे आहेत. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून स्थानिक कायदा क्रमांक १८ लागू आहे. तीस दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर मालकानं त्याच घरात राहायला हवं, पाहुणे दोनच, आणि आतल्या खोल्यांना किल्लीची कुलपं घालून घराचे भाग वेगळे करता येत नाहीत. आगीच्या वेळी घरातल्या प्रत्येकाला बाहेर पडता यावं हा त्यामागचा विचार. म्हणजे तिथे कुलूप नसलेला मालक कायदा पाळणारा असू शकतो.

सानिका_प

@मुशाफिर७, माहिती उपयोगी आहे, पण "अडून बसू नका" हे मला पटत नाही. कुलूप का नाही हे मालकानं समजावून सांगितलं तर मी ऐकेन, आणि मग त्या शहरात खोली न घेता हॉटेल बघेन. अनोळखी घरात रात्री दार बंद करता येणं ही माझ्यासाठी किमान अट आहे. तुम्ही आणि मी एकाच खोलीत राहिलो तरी आपल्या वाट्याला येणारा धोका सारखा नसतो.

मुशाफिर७

हे मान्य. मी पुरुषाच्या बाजूनंच विचार करत होतो.

कंदील_पवार

माझं काम गॅसवर चालणाऱ्या यंत्रणांचं आहे, त्यामुळे मला वेगळ्याच गोष्टीची काळजी वाटते आणि या विषयावरच्या चर्चांमध्ये तिचा उल्लेख जवळजवळ नसतो. कार्बन मोनॉक्साइड.

गॅसचा गिझर, बॉयलर, सिलिंडरवर चालणारा हीटर, शेकोटी, जनरेटर. यांपैकी कशातही जळण अर्धवट झालं आणि धूर बाहेर जायची वाट तुंबलेली असली की हा वायू घरात साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे झोपलेला माणूस बहुधा उठतच नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेक्सिको सिटीत भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये तीन अमेरिकन पर्यटक असेच गेले. डिसेंबर २०२४ मध्ये जॉर्जिया या देशातल्या गुदाउरीत एका रेस्टॉरंटच्या वरच्या झोपायच्या खोल्यांमध्ये बारा जणांचे मृतदेह सापडले. त्यांतले बहुतेक भारतीय होते आणि खालच्या बंद जागेत जनरेटर चालवलेला होता. यांतल्या कुणावरही कुणी हल्ला केला नव्हता.

म्हणून खोलीत शिरल्यावर मी आधी गिझर कुठे आहे ते बघतो. न्हाणीघरात किंवा झोपायच्या खोलीतच असेल तर धुराची नळी थेट बाहेर गेली आहे का, सांधा निसटलाय का, आसपास काजळी आहे का. ज्योत निळी हवी. पिवळी, फडफडणारी ज्योत म्हणजे काहीतरी बिघडलंय. भिंतीतली हवेची जाळी कुणी थंडी येते म्हणून कागद किंवा कापड कोंबून बंद केली असेल तर ती मोकळी करून घ्या. स्पेनमध्ये ब्युटेनच्या सिलिंडरवर चालणारे चाकांचे हीटर अजून पुष्कळ घरांत दिसतात. ते झोपताना बंदच हवेत.

आणि बॅटरीवर चालणारा छोटा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म सोबत ठेवा. युरोपचं मानक ईएन ५०२९१. ते पाळणारा अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत वायूचे ५० भाग) तास-दीड तासात, १०० पीपीएमला दहा ते चाळीस मिनिटांत आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत वाजतो. पलंगाजवळ, साधारण उशीच्या उंचीवर ठेवा. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखायला लागलं, मळमळलं आणि बाहेर हवेत गेल्यावर बरं वाटलं, तर प्रवासाचा शीण समजून परत आत झोपायला जाऊ नका. बाहेरच थांबा आणि तिथून मदतीला फोन करा.

केतकी म

बाप रे. हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. अलार्म मागवतेय.

अवांतर_नको

कंदीलदादा, प्रतिसाद जपून ठेवलाय. पण प्रत्येक मुक्कामी नळ्या, ज्योती आणि जाळ्या तपासत बसलात तर घरच्यांना फिरायला वेळ मिळतो का? :)

कंदील_पवार

मिळतो, पाचच मिनिटं लागतात. आता तर मुलंच माझ्या आधी जाळी शोधून काढतात. :)

इटलीत अशा अल्पमुदतीच्या भाड्याच्या घरांत ज्वलनशील वायूचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर तसंच अग्निशामक असणं आता कायद्यानंच बंधनकारक आहे. नीलमोहर, तिथे मालकाला बिनधास्त विचारा.

निशिगंध_९

छुप्या कॅमेऱ्यांबद्दल लिहिते. एअरबीएनबी या घरं-खोल्या भाड्यानं मिळणाऱ्या साइटनं ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आत कुठेही कॅमेरा ठेवायला जगभर बंदी केली आहे. त्याआधी मालकानं आधी सांगितलं असेल तर दिवाणखान्यासारख्या सामाईक जागेत चालत असे. घराबाहेरचा कॅमेरा आणि आवाजाची पातळी मोजणारं यंत्र अजून चालतं, पण दोन्हींची माहिती आधी द्यावी लागते. ते यंत्रही फक्त सामाईक जागेत, झोपायच्या खोलीत नाही. इतर साइट्सचे नियम वेगळे आहेत, तेव्हा ज्या साइटवर बुकिंग आहे तिचे वाचा.

शोधायचं कसं: पलंगाकडे किंवा न्हाणीघराकडे तोंड असलेल्या वस्तू आधी. धुराचा डिटेक्टर, घड्याळ, उगाच सॉकेटला लावून ठेवलेला चार्जर, वेगळ्याच कोनात बसवलेली हवेची जाळी. खोलीत अंधार करून टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरायचा आणि सावकाश फिरवायचा. भिंगावरून टिचभर चमक परत येते. अंधारात बघणाऱ्या कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड दिवा फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात ठिपक्यासारखा दिसू शकतो. मागच्या कॅमेऱ्याला बहुधा इन्फ्रारेड अडवणारी गाळणी असते. टीव्हीचा रिमोट समोर धरून बटण दाबून बघा, म्हणजे आपल्या फोनला दिसतं की नाही ते कळेल. वायफायवर कोणकोणती उपकरणं आहेत हे दाखवणारी ॲप्स मदत करतात, पण मेमरी कार्डावर चित्रण साठवणारा कॅमेरा त्यांत दिसत नाही.

सापडला तर त्याला हात लावू नका. फोटो काढा, सामान घ्या, बाहेर पडा, पोलिसांना सांगा, मग साइटला. मालकाशी वाद घालायला त्या घरात थांबू नका.

खिडकीपाशी

परदेशात राहते आणि आमच्या घरातली एक खोली पर्यटकांना देते, म्हणून दुसऱ्या बाजूनं लिहिते.

एकटी मुलगी येणार असली की मी आपण होऊनच लिहिते: घरात कोण कोण राहतं, न्हाणीघर कुणाबरोबर वापरावं लागेल, खोलीची दुसरी किल्ली कुणाकडे असते, आम्ही खोलीत कधी येणार नाही. कुणी हे विचारलं तर मला मुळीच राग येत नाही. उलट असे पाहुणे घरही नीट वापरतात. "घरात कोण राहतं" हे जरूर विचारा. जाहिरातीत बाईचा फोटो असतो आणि दार उघडायला तिचा भाऊ किंवा भाडेकरू येतो, असं घडतं. जिच्याशी बोलणं झालं ती व्यक्ती त्या दिवशी घरी असणार का, हेही विचारा.

पासपोर्टचं म्हणाल तर आम्हा मालकांवर खरोखर बंधनं असतात. त्यामुळे मागणी झाली म्हणजे फसवणूक, असं नाही. मागायची वेळ आणि पद्धत मात्र बघा.

दस्तऐवज

खिडकीपाशी यांनी योग्य मुद्दा काढला. देशवार सांगतो.

स्पेन: शाही अध्यादेश ९३३/२०२१, डिसेंबर २०२४ पासून अंमलात. मालकाला पाहुण्याचं नाव, ओळखपत्राचा क्रमांक, पत्ता, संपर्क, पैसे कसे भरले अशी माहिती गृहमंत्रालयाला कळवावी लागते. पण तिथल्याच डेटा संरक्षण यंत्रणेनं स्पष्ट केलंय की यासाठी ओळखपत्राची प्रत घेऊन ठेवण्याची गरज नाही. माहिती द्या, पासपोर्ट बघायला द्या, फोटो द्यायला नकार देता येतो.
इटली: आल्यापासून २४ तासांत पाहुण्यांची नोंद पोलिसांच्या पोर्टलवर.
क्रोएशिया: ईव्हिजिटर या प्रणालीत नोंद, तीही २४ तासांत.
जपान: तिथे उलट आहे. जपानमध्ये पत्ता नसलेल्या परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत ठेवली जाते. २०१८ च्या कायद्यानुसार नोंदणी झालेल्या घराच्या दाराशी नोंदणी क्रमांकाची पाटी असते आणि वर्षात १८० दिवसच घर देता येतं.

ही सगळी कामं मुक्कामाच्या वेळची आहेत. बुकिंग पक्कं होण्याआधी कुणाला पासपोर्टची गरज नसते. प्रत द्यावीच लागली तर फोटोवर आडवं लिहा: कुणासाठी, कशासाठी, कोणत्या तारखेला. नेदरलँड्सच्या सरकारनं यासाठी कॉपीआयडी नावाचं ॲपच काढलंय. प्रतीवर असं लिहिण्यासाठी ते कुठूनही वापरता येतं.

आणि नोंदणी क्रमांक बघा. इटलीत जानेवारी २०२५ पासून प्रत्येक जाहिरातीत आणि इमारतीबाहेर सीआयएन हा क्रमांक हवा. स्पेनमध्ये जुलै २०२५ पासून अल्पमुदतीच्या भाड्यासाठी राष्ट्रीय नोंदणी क्रमांक आहे आणि तो एकेका खोलीलाही लागतो. क्रमांक आहे म्हणून मालक भला असं नाही. पण काही घडलं तर हे घर आणि त्याचा मालक यंत्रणेच्या नोंदीत आहेत, एवढं तरी नक्की.

बंदरावरची

क्रोएशियाचं नाव आलं म्हणून थोडं अवांतर. दालमाशियाच्या किनाऱ्यावर घरोघरी 'सोबे' म्हणजे खोल्या अशा पाट्या असतात, आणि स्प्लिट, दुब्रोवनिकच्या बंदरांवर, बसस्थानकांवर वयस्कर बायका पाटी धरून पाहुणे शोधत उभ्या राहायच्या. ती पद्धत साइट्सच्या किती तरी आधीची. क्युबातही तसंच: १९९७ पासून कायदेशीर झालेली 'कासा पार्तिकुलार', परदेशी पाहुण्यांना ठेवणाऱ्या घरावर निळं चिन्ह.

अशा घरात अभिप्राय वाचायची सोय नाही, पण एक मोठी सोय आहे: पैसे द्यायच्या आधी खोली बघता येते. घर बघा, दार लावून बघा, परवान्याची पाटी बघा, शेजारी मालकिणीला ओळखतात का बघा, आणि मगच हो म्हणा. नको वाटलं तर आभार मानून निघा, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. तेव्हा सामान मात्र स्थानकाच्या लॉकरमध्ये ठेवून जा. जड बॅग हातात असली की माणूस "चालेल" म्हणून टाकतो.

केतकी म

बॅगेचं अगदी खरं आहे!

गणिती

पैशांबद्दल कुणीच लिहिलं नाही. फसवणुकीचे बहुतेक प्रकार खोलीत नव्हे, बुकिंगच्या टप्प्यावरच घडतात. मालक म्हणतो साइटचं कमिशन वाचवू, थेट बँकेत पाठवा. पाठवले की साइटचं संरक्षण संपलं आणि खोली अस्तित्वात आहे की नाही तेही कळायचा मार्ग नाही. दुसरा प्रकार जास्त फसवा आहे: मालकाचं किंवा हॉटेलचं खातंच चोर ताब्यात घेतात आणि साइटच्या खऱ्या चॅटमधून संदेश येतो की "कार्ड पुन्हा पडताळा, नाहीतर १२ तासांत बुकिंग रद्द". बुकिंग क्रमांक, तारखा, नाव सगळं बरोबर असतं. अशा संदेशातली लिंक उघडायची नाही. ॲपमध्ये स्वतः जाऊन बुकिंगची स्थिती बघायची आणि शंका राहिली तर साइटच्या मदत क्रमांकावर विचारायचं. हीच अट पासपोर्टलाही लावा. नीलमोहर, बुकिंगआधी व्हॉट्सॅपवर बोलावणारा तुमचा तो मालक मी तरी सोडून देईन.

रानवारा

दारासाठी रबरी पाचर किंवा आवाज करणारा डोअरस्टॉप घ्या, स्वस्त आणि हलका. मी कायम वापरतो.

कंदील_पवार

@रानवारा, दोन गोष्टी. दार आतल्या बाजूला उघडत असेल तरच पाचर चालते. आणि दाराच्या चौकटीतल्या पट्टीत अडकवायची सुटी कुलपं मिळतात, ती वापरणार असाल तर अंधारात, डोळे मिटून, एका हातानं काढायचा सराव करा. धुरानं भरलेल्या खोलीत ती काढता आली नाहीत तर तेच कुलूप जिवावर उठेल. खिडकीला गज असतील आणि बाहेर पडायला ते एकच दार असेल, तर अशी खोली मी घेत नाही.

मृदुला_क

हे लिहावं की नाही याचा विचार करत होते. सानिका आणि खिडकीपाशी यांचे प्रतिसाद वाचून लिहिते.

एका देशात, चांगले अभिप्राय असलेल्या घरात, पहिल्याच संध्याकाळी मालक दार न वाजवता खोलीत आले. टॉवेल द्यायला. मी स्पष्ट सांगितलं की आधी दार वाजवा. तासाभरानं पुन्हा तसंच आले, या वेळी हातात काही नव्हतं. बोलणं सभ्य होतं, हसत होते. मी सामान बांधलं, मैत्रीण स्टेशनवर आली आहे, तिला घ्यायला जाते असं सांगितलं आणि निघाले. हॉटेलच्या लॉबीत बसून साइटवर तक्रार लिहिली.

नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं, "पण त्यांनी केलं काय?" या प्रश्नाचा मला अजूनही राग येतो. काही करेपर्यंत थांबायचं का? निघून जाण्यासाठी पुरावा लागत नाही. पैसे परत मिळवायला लागतो, पण ती पुढची गोष्ट.

तिथून निघता आलं कारण सामान पसरलेलं नव्हतं, पासपोर्ट आणि कार्ड अंगावर होतं, आणि जवळच्या एका हॉटेलाचं नाव आधीच लिहून ठेवलं होतं. पहिल्या रात्री मी अजूनही बॅग पूर्ण उघडत नाही.

सानिका_प

मृदुला, लिहिलंस ते फार बरं केलंस.

निशिगंध_९

मृदुला, निघताना खोटं कारण सांगितलंत ते अगदी योग्य. त्या क्षणी कुणालाही खरं सांगायला आपण बांधील नसतो.

गणिती

पैसे परत मिळण्याबद्दल: एअरबीएनबीवर अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांच्या आत कळवावी लागते. जे घडलं ते साइटच्या चॅटमध्येच लिहा, वेळेसकट. फोनवरचं बोलणं नंतर सिद्ध करता येत नाही. आणि एका रात्रीच्या हॉटेलाचे पैसे वेगळ्या कार्डावर बाजूला ठेवून द्या. नाहीतर निघायची इच्छा असून पाय निघत नाही.

नीलमोहर

सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः मृदुला. त्या मालकाला कळवलं की साइटवरच बोलू आणि पासपोर्ट आल्यावर दाखवेन. त्यानंतर त्याचं उत्तर आलेलं नाही. दुसरं घर निवडलंय. तिथल्या बाईंनी कडीचा फोटो दहा मिनिटांत पाठवला, शिवाय गिझर बाल्कनीत आहे हे आपण होऊन लिहिलं.

एक शंका उरली आहे. घरच्यांना रोज किती आणि काय कळवायचं? त्यांना सतत लोकेशन देणं मला नकोसं वाटतं.

गच्चीवरचा

सतत लोकेशन नकोच. मुक्कामाचा पत्ता, मालकाचं नाव, जाहिरातीची लिंक एका विश्वासू माणसाकडे. रोज एक ठरलेली वेळ. त्या वेळेनंतर दोन तासांत निरोप नाही आला तर त्यानं काय करायचं तेही ठरवून ठेवा: आधी तुम्हाला फोन, मग मालकाला, मग तिथल्या आपल्या दूतावासाच्या तातडीच्या क्रमांकावर. नुसतं "काळजी घे" म्हणणाऱ्या माणसाला त्या वेळी काय करावं ते सुचत नाही.

दस्तऐवज

आणि ११२. युरोपीय संघातल्या सगळ्या देशांत चालतो, फुकट. बहुतेक देशांत स्मार्टफोनवरून केलेल्या या कॉलबरोबर तुमचं ठिकाण आपोआप जातं. तरीही पत्ता मजला आणि दार क्रमांकासकट कागदावर लिहून ठेवा. स्पेनमध्ये एकाच मजल्यावर डावं-उजवं दार असतं आणि तेही पत्त्याचाच भाग असतं.

आजोळ

उशिरा आले धाग्यावर. माझी आई सत्तरीच्या पुढे आहे, तिला घेऊन अशी खोली घ्यावी का? रात्री न्हाणीघरासाठी तिला दोनदा तरी उठावं लागतं.

खिडकीपाशी

आजोळ, घ्यायला हरकत नाही, पण न्हाणीघर खोलीला जोडलेलंच बघा. नसेल तर मालकाला खोलीच्या दारापासून न्हाणीघरापर्यंतचा छोटा व्हिडिओ मागा. आमच्याकडे मधे दोन पायऱ्या आहेत आणि जाहिरातीतल्या फोटोंत त्या कळत नाहीत. वयस्कर पाहुण्यांना मी ते आधीच लिहून कळवते, पण सगळे मालक कळवतीलच असं नाही. लिफ्ट आहे का हेही विचारा, आणि ती रस्त्याच्या पातळीपासून सुरू होते की अर्धा जिना चढून जावं लागतं, तेही.